अर्धी शर्यत पूर्ण सोडण्याची कृती

साहित्य: पाव वाटी खोबरेल तेल, एक जुनं फडकं, वजनकाटा, मीठ घातलेली तांदळाची पेज, शाळकरी वही, घड्याळाच्या चार्जिंगची वायर आणि प्रश्न न विचारणारा एक माणूस. शेवटचा जिन्नस बाजारात मिळत नाही, तो आधीपासून घरात असावा लागतो.

लागणारा वेळ: पहिला तास फार मोलाचा. पुढचं सगळं मिळून सहा-सात आठवडे.

ही कृती कुणासाठी, ते आधी सांगते. लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनला नाव घातलं, सहा-आठ महिने पहाटे चारला उठून तयारी केली, आणि शर्यतीच्या दिवशी शेवटच्या कमानीपर्यंत पोचताच आलं नाही, अशांसाठी. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर पळणं, बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत. गोव्यात २०१९ पासून जी होते ती याच्या निम्मी: १.९, ९० आणि २१.१. मिळून ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३, म्हणून नावातच ७०.३. तिला मुदत साडेआठ तास. पण मधेही कट-ऑफची दोन दारं असतात: समुद्रातून १ तास १० मिनिटांत बाहेर यायचं, आणि सायकल उतरेपर्यंत घड्याळात साडेपाच तासांपेक्षा जास्त व्हायचे नाहीत. कुठल्याही दारात उशीर झाला की निकालात नावापुढे तीन अक्षरं लागतात, डीएनएफ. सुरू केली, संपवली नाही.

मी दुसऱ्या दारात अडकले. मिरामारला सायकल घेऊन आले तेव्हा माझे ५ तास ४१ मिनिटं झाले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शर्यत अर्धी सुटली तरी सोडण्याचं काम अर्धवट ठेवू नये. शर्यत सोडण्यालाही पायऱ्या आहेत आणि त्या क्रमानं उतरल्या तर पाय मुरगळत नाही. मी क्रम चुकवला. म्हणून हे लिहिते आहे.

१. सांगून बाहेर पडा

शर्यत सोडायचं ठरलं की पहिलं काम रडायचं नाही, पहिलं काम पिवळ्या, लाल, जो काही रंग असेल त्या टी-शर्टातल्या अधिकृत माणसाला गाठून आपला नंबर सांगायचा. घोट्याला बांधलेली चिप त्याच्या हातात द्यायची. हे नुसते सोपस्कार नाहीत. पाण्यात उतरताना तुमची चिप मोजली गेली आणि बाहेर येताना मोजली गेली नाही, तर तुम्ही समुद्रात आहात असं धरून लोक कामाला लागतात. तुम्ही मात्र बाजूच्या खडकांवरून चढून, टॉवेल गुंडाळून, टॅक्सीत बसून हॉटेलवर निघालेले असता. असं करणारी माणसं असतात. लाजेपोटी करतात. करू नका.

पाण्यातच धीर सुटला तर हात वर करा. कयाकवाला येईल. कयाकला धरून दम खाल्ला म्हणून कुणी बाद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं; धरून पुढे सरकायचं नाही, एवढाच नियम. दोन मिनिटं धरा, श्वास लागू द्या, आणि मग ठरवा. कितीतरी डीएनएफ त्या दोन मिनिटांत टळू शकतात.

आणि दारातल्या माणसाशी वाद घालू नका. मी घातला. “अकराच मिनिटं आहेत हो,” असं मी तीनदा म्हटलं. समोर माझ्या मुलाच्या वयाचा मुलगा होता. सकाळी पाचपासून उन्हात उभा. तो म्हणाला, “काकू, बसा ना जरा.” आदल्या संध्याकाळपासून मला सगळे ‘ॲथलीट’ म्हणत होते. त्या एका ‘काकू’नं मी पुन्हा कोल्हापुरातली बँकेतली बाई झाले आणि खाली बसले.

२. आधी अंग, मग मन

खाली बसल्यावर मनाचे विचार सुरू होतात, आणि मनाच्या नादात अंगाकडे दुर्लक्ष होतं. कमान पार करणाऱ्याला लगेच कुणीतरी टॉवेल देतं, पाणी देतं, डॉक्टर नजर टाकतात. मधेच थांबलेला माणूस एकटा कोपऱ्यात बसतो. म्हणून ही यादी स्वतःच, नाहीतर बरोबरच्या माणसानं तपासायची.

तोल जातोय, बोलणं विसंगत होतंय, कुठे आहोत ते कळत नाही: उष्माघात समजा. तिथल्या तिथे गार करायचं, बर्फाचं पाणी मिळालं तर त्यात बसवायचं. आधी गार करणं, नेणं नंतर.

याच्या उलट्या टोकाला एक प्रकार आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. घाबरून पाच-सहा तास नुसतं पाणीच पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. अंगठी बोटात घट्ट होते, हात सुजतात, डोकं ठणकतं, उलटी होते, वजन सकाळपेक्षा कमी व्हायच्या जागी वाढलेलं असतं. अशा वेळी पाणी पाजत राहणं धोक्याचं. डॉक्टरांना “मी खूप पाणी प्यायलोय” हे स्पष्ट सांगा आणि “एक सलाईन लावून टाका” हा आपला लाडका हट्ट धरू नका. सलाईननं काही वेळा बिघडतं.

पोहताना अचानक धाप लागली असेल, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी आली असेल, तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घेतल्याशिवाय पुन्हा पाण्यात उतरायचं नाही. ‘घाबरलो होतो’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि पुढचे दोन दिवस लघवीचा रंग बघायचा. कोऱ्या चहासारखी झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर भार आलाय, थेट दवाखाना. याच कारणानं त्या दिवशी दुखण्यावरच्या गोळ्या गिळायच्या नाहीत. पाय दुखू द्या. दुखणं त्यांचा हक्क आहे.

३. तीन निरोप

फोन हातात आला की पहिला निरोप घरी. शब्दांचा क्रम महत्त्वाचा. “मी सुखरूप आहे. शर्यत पूर्ण झाली नाही. रात्री फोन करते.” सुखरूप हा शब्द आधी, कारण घरचे सकाळपासून ॲपवर तुमचा ठिपका बघत बसलेले असतात. तो ठिपका थांबला की इकडे काय काय चित्रं डोळ्यांपुढे येतात ते आपल्याला कळत नाही. आमच्या यांनी दीड तासात माझ्या मैत्रिणीला सतरा फोन केले होते, आणि ती बिचारी पळत होती.

दुसरा निरोप कोचला. दोन ओळी. कारणं नकोत, ती नंतर.

तिसरा ग्रुपवर. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर शंभरावर माणसं आहेत. तिथे दुसरं कुणी विचारायच्या आत स्वतः टाकायचं: “सायकलला कट-ऑफ चुकला. तब्येत ठीक.” मी टाकलं नाही. संध्याकाळी कुणीतरी अंदाजानंच “वहिनींचं हार्दिक अभिनंदन” टाकलं, त्याखाली चाळीस लोकांनी फुलं आणि हात जोडलेली चित्रं टाकली, आणि मग तो पूर मला रात्री अकरा वाजता उलटा वळवावा लागला. एक ओळ वेळेवर टाकली असती तर चाळीस माफ्या वाचल्या असत्या.

४. मैत्रिणीचं मेडल

ही पायरी सगळ्यांत अवघड आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आपण एकटे जात नाही. खोलीत दोघी, गाडीत चौघं असतात. त्यांतलं कुणीतरी पूर्ण करतं. माझ्याबरोबरची मैत्रीण आठ तास बारा मिनिटांत आली. मी तिच्यासाठी कमानीपाशी उभं राहायचं ठरवलं होतं. म्हणतात ना, जाऊन टाळ्या वाजवाव्यात, बरं वाटतं. पाच मिनिटं वाजवल्या. मग निवेदक एकेकाचं नाव घेऊन ‘आयर्नमॅन’ म्हणून ओरडायला लागला तशी मी शहाळं घेऊन मंचाच्या मागच्या बाजूला जाऊन बसले. तिथून नावं ऐकू येत होती, चेहरे दिसत नव्हते. तेवढं झेपलं. तुम्हाला झेपेल तेवढंच करा. टाळ्या वाजवल्याच पाहिजेत असा नियम कुठल्या पुस्तकात नाही.

पण ती खोलीवर आली तेव्हा तिनं मेडल बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवलं होतं. माझ्यासाठी. रात्री टूथपेस्ट शोधताना मला सापडलं. दोघींनाही काय बोलावं सुचेना. तर कृती अशी: तिनं दार उघडायच्या आत, आपल्या तोंडून, पूर्ण आवाजात “अभिनंदन” गेलं पाहिजे, आणि पाठोपाठ “मेडल दाखव”. हातात घेऊन वजन बघायचं. चांगलं जड असतं. मग दोघींना झोप लागते. हे अभिनंदन खोटं वाटलं तरी चालतं. सवयीनं आठवडाभरात खरं होतं.

तिनंही “तूसुद्धा केलंसच गं जवळजवळ” असं म्हणू नये. जवळजवळ हा शब्द त्या रात्री मिठासारखा असतो, कापलेल्या जागी चोळायचा.

५. ती रात्र

सायकल आणि पिशव्या स्वतः जाऊन ताब्यात घ्या. जमलेल्या गर्दीतून सायकल बाहेर काढताना प्रत्येक जण “झालं का?” विचारतो. “नाही झालं,” एवढं उत्तर पुरतं, आणि विचारणारा लगेच रस्ता देतो.

मग खोबरेल तेल. दंडावर, पोटरीवर चिकटवलेले नंबर साबणानं जात नाहीत, घासून कातडी लाल होते. तेल चोळून दहा मिनिटं थांबायचं आणि फडक्यानं पुसायचं. कमान पार केलेले लोक तो नंबर आठवडाभर मिरवतात. तुम्ही त्याच रात्री काढा. उद्या सकाळी चहाच्या टपरीवर दंडावरच्या चार आकड्यांवरून कुणी गप्पा सुरू करू नयेत, एवढंच.

जेवायला पेज. गोव्यात असाल तर कुठल्याही घरगुती खाणावळीत विचारा. भात, मीठ, भरपूर पाणी, बाजूला लोणचं: उन्हात आठ तास गेलेल्या पोटाला हवं ते सगळं त्यात आहे, आणि दिवसभराच्या एनर्जी जेलनं विटलेली जीभ ती नाकारत नाही. पार्टीला जायचं असेल तर जा, पण रिकाम्या पोटी आणि कोरड्या अंगानं बिअर नको.

झोप लागणार नाही. जेलमधलं कॅफीन आणि पायांतले गोळे जागं ठेवतात. त्या वेळात तीन गोष्टी करायच्या नाहीत: निकालाचं पान उघडायचं नाही, पुढच्या वर्षीची नोंदणी करायची नाही, आणि सायकल विकायची जाहिरात टाकायची नाही. मी तिसरी टाकली होती. पहाटे पाचला एकानं निम्म्या किमतीत मागितली तेव्हा शुद्धीवर आले.

दुसऱ्या दिवशी राहिलेले २१ किलोमीटर पळून काढावेत, म्हणजे मनाला समाधान, असा सल्ला एकानं दिला. हा सल्ला ऐकू नका. ते काही थकलेलं कर्ज नाही. पाय मात्र उगाच मोडाल.

६. फ्लेक्स

तुमच्या गावात हा प्रकार नसेल तर ही पायरी सोडा. आमच्याकडे आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर आठ बाय सहाचा फ्लेक्स लागला होता: माझा हेल्मेट घातलेला फोटो, मागे समुद्र, समुद्रामागे न जाणे का हिमालय, आणि वर ‘लोहकन्या’. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कन्या. खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो.

गावी परतताना मी रात्री साडेदहानंतरच कॉलनीत शिरायचं ठरवलं होतं, म्हणून गगनबावड्यात उगाच दोन तास भजी खात बसलो. फ्लेक्स दिवे लावून वाट बघत होता.

योग्य कृती: दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यानं लावला त्याला स्वतः फोन करायचा, आभार मानायचे आणि आज काढ म्हणून सांगायचं. तो आपण होऊन काढणार नाही. काढला तर आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटतं. आमचा फ्लेक्सवाला पोरगा म्हणाला, “राहू दे की वहिनी, शुभेच्छा हायत त्या, निकाल कुठं लिवलाय?” मुद्दा बिनतोड होता. तरी काढायला लावला. काढल्यावर फेकू नका, त्याचं पुढे काम आहे.

७. “कितवा नंबर?”

आता पंधरा दिवस हा प्रश्न येत राहणार. लोकांना कट-ऑफ, ट्रान्झिशन समजावून सांगायला जाऊ नका. पहिल्या दिवशी मी बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना वाऱ्याची दिशा सांगत होते. दुपारपर्यंत माझा घसा बसला आणि त्यांना एवढंच कळलं की बाईंची सायकल बिघडली. एक वाक्य ठरवा आणि तेच म्हणा. माझं वाक्य: “पोहून झालं, सायकल झाली, वेळ संपला, पळू दिलं नाही.” यावर बहुतेक लोक “अरेरे” म्हणून आपल्या कामाला लागतात. आमच्या सासूबाईंनी मात्र वेगळं विचारलं: “पैसे परत देतात का?” देत नाहीत म्हटल्यावर त्यांना जे दुःख झालं ते माझ्यापेक्षा खरं होतं.

धीर देणारे निरोपही येतात. अपयश ही यशाची पायरी, कोळी आणि जाळं, एडिसन आणि दिवा. राग मानू नका, पण त्यांच्याऐवजी आपल्याच खेळातल्या गोष्टी वाचा, त्या कमी गोड आहेत. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तेव्हा १५ जण सुरुवातीला उभे होते आणि १२ जणांनी ती पुरी केली. म्हणजे पहिल्याच दिवशी तिघं माझ्या रांगेत. जिंकला तो गॉर्डन हॉलर, पावणेबारा तासांच्या जरा वर. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली होती, हे मला जिंकणाऱ्याच्या वेळेपेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

मार्क ॲलन १९८२ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा हवाईला गेला, आघाडीवर होता, आणि सायकलचा गिअर बदलणारा डिरेलर तुटून घरी आला. तो तिथे पहिल्यांदा जिंकला ते १९८९ मध्ये, आणि एकूण सहा वेळा. नॉर्मान स्टाडलर २००४ चा विजेता. २००५ मध्ये पंक्चरनं बाहेर. २००६ मध्ये पुन्हा विजेता. मला ही दोन्ही उदाहरणं आवडतात, पण त्यांचा मलम म्हणून उपयोग नाही. ही माणसं पोटापाण्यासाठी हे करत होती. त्यांना सोमवारी दहाला काउंटरवर बसायचं नव्हतं. त्यांच्या गोष्टीतून मी घेतलं ते इतकंच की डिरेलर सगळ्यांचे तुटतात.

८. पंचनामा

पाचव्या किंवा सहाव्या दिवशी बसायचं. त्याआधी नाही, कारण त्याआधी आपण खोटं बोलतो. खोटं म्हणजे मुद्दाम नव्हे. एक सोयीचं कारण पकडतो आणि त्याला सगळा दोष देतो. माझं कारण होतं पंक्चर. मागचं चाक, बांबोळीच्या पुढे, भर उन्हात. पाच दिवस मी सगळ्यांना पंक्चर सांगत होते आणि सगळे मान डोलावत होते, कारण पंक्चर सगळ्यांना कळतं.

मग घड्याळ वायरीला लावलं, वही घेतली आणि मिनिटं मांडली. वहीतच मांडायची, स्क्रीनवर नाही. हातानं आकडा लिहिला की तो नाकारता येत नाही.

पोहणं १ तास ७ मिनिटं. पाण्यातून येऊन सायकलवर बसेपर्यंत १६ मिनिटं. सायकल ४ तास १८ मिनिटं. बेरीज ५ तास ४१. आता सायकलचे ४ तास १८ फोडले: चाक फिरत होतं ३ तास ५२, पंक्चर १४, आणि पाण्याच्या टेबलांपाशी उभं राहणं १२ मिनिटं.

मी त्या सोळा मिनिटांकडे बराच वेळ बघत बसले. सोळा मिनिटं मी कपडे बदलायच्या तंबूत काय करत होते? पाय पुसले, मोजे घातले, सनस्क्रीन लावलं, शेजारच्या बाईला सनस्क्रीन दिलं, तिच्याशी पोहताना लागलेल्या लाटांबद्दल बोलले, हातमोजे शोधले, केस पुन्हा बांधले. चहाच राहिला होता. तयारीतल्या बायका हे सहा मिनिटांत उरकतात. दहा मिनिटं तिथली आणि सात मिनिटं पाण्याच्या टेबलांवरची वाचली असती, तर पंक्चर होऊनसुद्धा मी ५ तास २४ मिनिटांत दारात असते.

हे समजल्यावर बरं वाटलं का? नाही, दोन दिवस जास्त वाईट वाटलं. नशिबावर रागावणं सोपं असतं. पण पंक्चरचं काहीही करता येत नाही आणि सोळा मिनिटांचं करता येतं.

तुमचं उत्तर वेगळं निघेल. पण मांडणी हीच ठेवा, आणि उलटा हिशोबही करून बघा: साडेपाच तासांतून तुमचं खरंखुरं पोहणं वजा करा, तंबूतला वेळ वजा करा, पंक्चरसाठी पंधरा मिनिटं आधीच बाजूला काढा. उरलेल्या वेळात ९० किलोमीटरला ताशी किती वेग लागतो? तो आकडा तुमच्या रविवारच्या लांब सायकलीच्या वेगापेक्षा जास्त आला, तर तुम्ही शर्यतीत नाही, नोंदणी करतानाच अडकला होता. हे कळणंही मोठं सुटल्यासारखं असतं.

९. वहीचं पुढचं पान

पानावर तीन रकाने पाडा: अंग, सराव, नशीब. प्रत्येक मिनिट कुठल्यातरी रकान्यात टाका. नशिबाचा रकाना सगळ्यांत छोटा निघाला नाही तर पुन्हा एकदा मोजा.

सरावाच्या रकान्यातलं काम आठवड्याच्या वेळापत्रकात बसतं. मी बसवलं ते असं. दर शनिवारी तलावातून बाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर बसण्याचा सराव, घड्याळ लावून. तिसऱ्या शनिवारी साडेसात मिनिटांवर आले. बुधवारी संध्याकाळी जिन्याखाली मागचं चाक काढणं, ट्यूब बदलणं, बसवणं. पहिल्यांदा २६ मिनिटं आणि एक तुटलेलं नख. आता नऊ. मागचंच चाक घ्या. पुढचं कुणालाही येतं.

अंगाच्या रकान्यात माझ्याकडे घाम होता. कोल्हापुरातल्या सकाळी आणि गोव्याचं समुद्रकाठचं दमट ऊन यांत फार फरक. वजनकाटा इथे लागतो. तासभर सायकल मारायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. मधे काही प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. माझा आकडा ताशी १.१ लिटर निघाला आणि शर्यतीत मी जेमतेम अर्धा लिटर पीत होते. म्हणून शेवटच्या टेबलांवर मला उभं राहावं लागत होतं. तिथला बारा मिनिटांचा खर्च आळसाचा नव्हता, आधीच्या तहानेचा होता. खाण्याचंही तसंच. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे दोन-अडीच जेल किंवा त्याच हिशोबाचं काही. सगळे जेल परदेशीच हवेत असं नाही. राजगिऱ्याची वडी चावायला त्रासाची, पण उकडलेला बटाटा मीठ लावून पिशवीत छान राहतो. जे शर्यतीत खाणार ते सरावात सहा वेळा पचवलेलं असावं.

समुद्राचं एक राहिलं. राजाराम तलावात कितीही फेऱ्या मारल्या तरी लाट कळत नाही, आणि गोव्याचं पाणी कोमट असल्यानं तरंगायला मदत करणारा वेटसूटही नसतो. वर्षातून दोनदा तरी समुद्रात, माहीतगार माणसाबरोबर, पोहून यावं. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्री पोहण्याच्या स्पर्धा होतात. तिथे लहान पोरं ज्या सहजतेनं लाटेखालून जातात ते बघूनही पुष्कळ शिकता येतं.

१०. विश्रांती, आणि थोडी सावधगिरी

पहिला आठवडा पळायचं नाही. अर्धीच शर्यत झाली म्हणजे थकवा अर्धाच, असं अंगाला कळत नाही. चालणं, हलकं पोहणं पुरे. दुसऱ्या आठवड्यात घड्याळ न लावता सायकल. घड्याळाशिवाय जाणं मला फार जड गेलं. मनगट सारखं वर यायचं.

आणि मन. चार-आठ दिवस उदास वाटणार, पहाटे चारला उगाच जाग येणार आणि उठून करायला काही नसणार. एवढे महिने ज्याच्याभोवती दिवस बांधला होता ते संपलं, त्याची ही पोकळी असते; पूर्ण करणाऱ्यांनाही ती येते, त्यांना फक्त भिंतीवर टांगायला काहीतरी असतं. पण दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामात लक्ष यांची घडी बसत नसेल तर हे शर्यतीपुरतं राहिलेलं नाही असं समजून डॉक्टरांना भेटा. यात कमीपणा नाही. गुडघा दुखला असता तर गेला असताच ना.

टी-शर्टचा प्रश्न बायका-पुरुष सगळेच दबक्या आवाजात विचारतात. नोंदणीच्या वेळी मिळालेली पिशवी, टोपी खुशाल वापरा, ती पैसे भरून मिळालेली आहे. ‘फिनिशर’ लिहिलेलं काही चुकून हाती आलं असेल तर घालू नका. कुणी पकडणार नाही, पण दर वेळी घालताना तुम्हालाच सापडेल.

११. पुन्हा?

चौदा दिवस हा विषय नाही. पंधराव्या दिवशी स्वतःला विचारायचं ते एवढंच: वहीतल्या सरावाच्या रकान्यातली कामं मला करावीशी वाटतात का? कमान नव्हे, मेडल नव्हे, बुधवारी संध्याकाळी जिन्याखाली बसून चाक काढणं. ते करावंसं वाटत असेल तर नाव घाला. नसेल वाटत, तर ऑलिंपिक अंतराची, १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं, अशी छोटी शर्यत शोधा. किंवा नुसतं पोहा. किंवा सोडून द्या आणि रविवारी उशिरापर्यंत झोपा. ज्यांच्या हट्टापायी घरातल्यांनी वर्षभर डबे स्वतः भरले, त्यांनी कधीतरी तेही करून बघावं. सूड म्हणून मात्र नाव घालू नका. समुद्राला तुमचं नाव आठवत नाही.

मी नाव घातलंय की नाही ते इथे सांगत नाही, फ्लेक्सवाला पोरगा हे वाचतो.

त्याच्या जुन्या फ्लेक्सचं काम सांगायचं राहिलं. पावसाळा लागला की सायकल घरात ट्रेनरच्या स्टँडवर लावावी लागते, आणि तासाला १.१ लिटर घाम फरशीवर पडू लागला की सासूबाई पोतेरं घेऊन दारात उभ्या राहतात. आठ बाय सहाचा फ्लेक्स दुमडून सायकलखाली बरोबर बसतो. मी तो फोटोची बाजू खाली करून अंथरते. गेल्या रविवारी मुलानं चुकून उलटा अंथरला आणि मी तासभर लोहकन्येच्या हेल्मेटवर घाम गाळत बसले; नंतर चौदा शुभेच्छुकांसकट तिला फडक्यानं पुसून पुन्हा घडी घातली.